पुरे कोणी म्हणायचं?

एका जंगलात एक सिंह राज्य करत होता, हे तुम्ही लहानपणी ऐकलेलं आहे. तुम्ही मोठे झालात, तुमची पोरं मोठी झाली, तरी तो अजून राज्य करतोच आहे. त्याचं नाव वज्रकेसर महाराज. त्याच्या जंगलात रीतसर निवडणुका होतात, कुणी नाही म्हणू नये. एकदा गव्याने महाराजांच्या विरोधात उभं राहून पाहिलं. त्यानंतर तो कुणाला उभा दिसला नाही, आणि आडवाही दिसला नाही.

या जंगलात सिनेमे निघायचे. जनावरांकडे कॅमेरा कुठून आला म्हणाल, तर माणसांचं एक शूटिंग युनिट जंगलात उतरलं होतं. एका बिबट्याला सिनेमाची आवड. तो बिचारा नुसता शूटिंग बघायला झुडपातून पुढे आला, तर युनिट सगळं टाकून पळालं. कॅमेरा राहिला, प्रोजेक्टर राहिला, पडदा राहिला, दिग्दर्शकाची कापडी घडीची खुर्ची राहिली आणि पातेलंभर पोहे राहिले. पोहे माकडांनी खाल्ले. बाकीचा संसार जंगलाने वाटून घेतला. जनावरं बरेच दिवस झाडाआडून बघत होतीच, त्यामुळे त्यांना सगळं येत होतं. शॉट लावायला येत होतं, रुसायला येत होतं, एकमेकांना सर म्हणायला येत होतं, आणि एकमेकांना पुरस्कार द्यायला तर फारच छान येत होतं. पुढे झाडाझाडाच्या ढोलीत टीव्ही आला, मालिका आल्या, आणि मग कुणालाच वेळ पुरेना.

त्या युनिटची एक रीत मात्र जनावरांनी मनावर घेतली ती घेतलीच. त्यांचा म्हातारा दिग्दर्शक शॉट संपला की त्या कापडी खुर्चीतून म्हणायचा, "पुरे." तो म्हणेपर्यंत कुणी थांबायचं नाही. गर्दीतल्याने गर्दी करत राहायचं, रडणाऱ्याने रडत राहायचं. आणि शब्द खुर्चीतूनच आला पाहिजे, इकडून तिकडून कुणी ओरडला तर तो धरायचा नाही. एकदा एका अस्वलाचा नाच चालू असताना दिग्दर्शक माकडाला खुर्चीतच डुलकी लागली. अस्वल नाचून नाचून कोसळलं, तरी पडल्या पडल्या एक पाय हलवत राहिलं. पुढे कित्येक दिवस त्याच्या निष्ठेचे दाखले शाळेतून देत होते.

जंगलात दुसरा रोजगार उरला नव्हता, त्यामुळे प्रत्येक जनावराने कधी ना कधी गर्दीत काम केलेलं होतं. ही सवय सगळ्यांच्या हाडात भिनली. हळूहळू असं झालं की त्या खुर्चीबाहेर 'पुरे' हा शब्दच कुणी वापरेना. गवतावर पट्टी बसली, सावलीवर पट्टी बसली, शेवटी स्वतःच्या शेपटीने माशा हाकायलाही परवाना लागू लागला. लोक चिडायचे, कुरकुरायचे, पण तो एक शब्द कुणाच्या जिभेवर यायचा नाही. सरकारला याची काही अडचण वाटली नाही.

तर या जंगलात दर वर्षी दिग्दर्शकांचा सत्कार व्हायचा. 'सुवर्ण आयाळ सोहळा'. महाराजांचे गळालेले केस गोळा करायचे, त्यांचा झुपका बांधायचा, सोनेरी रंगात बुडवायचा आणि लाकडी ठोकळ्यावर बसवून द्यायचा. पहिल्या वर्षी हा झुपका चांगला सिनेमा काढणाऱ्याला मिळाला. ती चूक पुन्हा झाली नाही. मग तो महाराजांवर सिनेमा काढणाऱ्याला मिळू लागला. मग महाराजांच्या पंजावर, महाराजांच्या जांभईवर. गेल्या वर्षी उत्कृष्ट मालिकेचा मान 'सायंगर्जना'ला मिळाला. ही मालिका म्हणजे महाराज रोज संध्याकाळी टीव्हीवर येऊन गर्जायचे, तीच. परीक्षकांनी म्हटलं होतं की मालिकेत पात्र एकच असूनही कथानक कुठेच पुढे सरकत नाही, हे मोठं धाडस आहे.

पण झुपक्यासाठी कुणी मरत नव्हतं. खरी गोष्ट वेगळी होती. ज्याला सुवर्ण आयाळ मिळे, त्याचा सिनेमा सोहळ्यातच जांभूळराईत मोठ्या पडद्यावर सगळ्या जंगलाला दाखवत. राई इतकी दाट की भर दुपारी तिच्यात दिवेलागणीसारखा काळोख. बाकीच्यांच्या फिल्मचे डबे जुन्या वडाच्या ढोलीत जात. ढोलीच्या तोंडाशी दोन नाग बसवलेले होते. सरकार त्याला जतन म्हणायचं.

तानूबाई साळिंदर हिचा डबा त्या ढोलीत पडून होता.

तानूबाई जंगलातली फटकळ बाई. राग आला की तिच्या अंगावरचे काटे उभे राहायचे, आणि राग तिला दिवसातून बऱ्याचदा यायचा. तिने सिनेमा काढला होता, 'डोह'. जंगलाच्या उगवतीला चितळांचा एक डोह होता. सरकारने तो संवर्धनासाठी नक्राजी मगर यांच्या ताब्यात दिला. नक्राजींनी संवर्धन केलं, म्हणजे चर खणून सगळं पाणी स्वतःच्या तळ्यात ओढून घेतलं. त्या उन्हाळ्यात चितळं चिखल चाटत राहिली. पाडसं त्या चिखलातच बसली आणि उठली नाहीत. टीव्हीवर तेव्हा मोराच्या लग्नाची मालिका चालू होती, त्यामुळे उरलेल्या जंगलाला यातलं काहीच कळलं नाही.

तानूबाईने कॅमेरा तिथे नेला होता. कॅमेरामन नामाजी घोरपड. नामाजी ज्या दगडाला चिकटे तिथून हलत नसे, त्यामुळे त्याचा कॅमेराही हलत नसे. सिनेमात काम केलं ते गंगाक्का नावाच्या म्हाताऱ्या चितळीने. काम म्हणजे काय, ती आपल्या मेलेल्या नातवाशेजारी उभी होती आणि नामाजीने कॅमेरा चालू ठेवला होता. तानूबाईलाच 'पुरे' म्हणवेना.

निघताना गंगाक्का म्हणाली होती, "बाई, हे सगळ्या जंगलाला दिसू दे. मग काय व्हायचं ते होईल."

तानूबाईने हो म्हटलं होतं. तेव्हापासून तिला नीट झोप नव्हती.

सोहळ्याच्या दिवशी सकाळीच सांस्कृतिक मंत्र्यांनी तिला बोलावलं. मंत्री बगळेसाहेब. अंगावर पांढरंस्वच्छ, एका पायावर उभे, डोळे मिटलेले. समोरच्याला वाटावं, देवाचं काही चाललंय. मधूनच मान खाली जायची, पाण्यातून काहीतरी गिळलं जायचं, आणि डोळे पुन्हा मिटायचे.

"तानूबाई, सिनेमा बघितला. डोळ्यांत पाणी आलं हो."

"डोळ्यांत नको, डोहात हवं होतं."

"हेच ते. तुम्ही फार टोचता." बगळेसाहेब हसले. "थोडासा बदल करा. बाकी तुमची कलाकृती, आम्ही बोट लावणार नाही. फक्त शेवटी डोहात पाणी दाखवा."

"पाणी नाहीये तिथे."

"म्हणून तर दाखवायचं. असलं असतं तर लोकांनी जाऊनच बघितलं असतं. आणि ते नक्राजींचं पात्र जरा एकांगी झालंय. त्यांनाही आई असेल, बालपण असेल. एखादं गाणं द्या त्यांना."

"पाडसं मेली त्याचं काय करू? नाचवू?"

"पाडसं स्थलांतरित झाली असं म्हणा. जाताना हात हलवतायत. किती छान शॉट होईल."

तानूबाईचे काटे उभे राहिले. बगळेसाहेबांनी दुसरा पायही सावधपणे वर घेता येतो का ते पाहिलं. येत नव्हता.

"मी एक फ्रेम बदलणार नाही," तानूबाई म्हणाली.

"नका बदलू. परीक्षक मंडळ स्वतंत्र आहे. काय द्यायचं ते तेच ठरवतात, आणि काय ठरवायचं ते आम्ही त्यांना वेळेवर कळवतो."

परीक्षक मंडळाचे अध्यक्ष होते कासवअण्णा. तानूबाईने सिनेमा शिकला तो अण्णांच्या हाताखाली. तरुणपणी अण्णांनी असे सिनेमे काढले होते की महाराजांच्या वडिलांची झोप उडाली होती. आता त्यांना जीवनगौरव मिळाला होता, राहायला सरकारी तळं मिळालं होतं. राईच्या तोंडाशी तानूबाईने त्यांना गाठलं.

"अण्णा, 'डोह' बघितलात का?"

अण्णांनी मान आत घेतली.

"अण्णा, आत जाऊन बसलात तरी मी इथेच उभी आहे."

कवचातून आवाज आला, "छायाचित्रण चांगलंय."

"आणि?"

"आणि मला आता चारही पायांच्या संधिवाताची औषधं सरकारी दवाखान्यातून मिळतात, तानू. तू जा, पुढे जागा धर."

नामाजी घोरपड जांभळीच्या खोडाला चिकटून सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "बाई, म्हातारा आतल्या आत रडतोय बघा. कवच हलतंय."

"हलू दे. बाहेर येऊन रडला असता तर उपयोग होता."

राई गच्च भरली. पळसाच्या फुलांचा तांबडा गालिचा अंथरला होता, त्यावरून मोर चालत आला, मागे पिसारा उचलायला दोन भारद्वाज. पुढच्या रांगेत मंत्री, त्यामागे नक्राजी मगर आणि त्यांचे मित्र, त्यामागे दिग्दर्शक आणि मागे सगळं जंगल. नक्राजींनी सोहळ्याचं प्रायोजकत्व घेतलं होतं. प्रत्येकाला पेलाभर पाणी फुकट मिळत होतं, पेल्यावर नक्राजींचा हसरा जबडा छापलेला. मागच्या रांगेत गंगाक्का आणि तिची चितळं उभी होती. ती पाणी पीत होती, कारण तहान लागली की पाणी कुणाचं हे विचारायचं भान राहत नाही.

व्यासपीठावर महाराजांसाठी सिंहासन होतं, पण आज त्याच्याशेजारी ती कापडी घडीची खुर्चीही मांडलेली होती. तानूबाईने ती लांबूनच ओळखली.

बगळेसाहेबांनी भाषण केलं. ते म्हणाले, "बंधूंनो आणि भगिनींनो, पूर्वी या जंगलात काळोख होता. लोक म्हणतात रात्र होती, पण ती रात्र पूर्वीच्या राजवटीची होती. आज सूर्य उगवतो तो कुणामुळे, हे मी सांगायला नको. दिग्दर्शक म्हणजे काय? कुणी कुठे उभं राहायचं ते जो सांगतो तो. कुणी काय बोलायचं, कुणी गप्प बसायचं, कुणी कधी रडायचं हे जो ठरवतो तो. मी विचारतो, या जंगलात हे सगळं कोण ठरवतं?"

पुढच्या रांगेने एका सुरात उत्तर दिलं.

कासवअण्णांना उचलून माइकजवळ आणलं. अण्णांनी मान बाहेर काढली, तानूबाईकडे बघितलं, पुन्हा आत घेतली आणि आतूनच निकाल वाचला. वर्षाचे सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक, वज्रकेसर महाराज. कलाकृती, संपूर्ण जंगल.

महाराजांना फार आश्चर्य वाटलं. आश्चर्याची तालीम त्यांनी सकाळीच केली होती. त्यांच्या हातात त्यांचेच केस देण्यात आले. मग बगळेसाहेबांनी त्यांना सिंहासनावरून उठवून त्या कापडी खुर्चीत बसवलं, आणि राईत टाळ्या सुरू झाल्या.

आणि इथेच सरकारचा घोटाळा झाला.

कारण आता महाराज दिग्दर्शक होते, दिग्दर्शकाच्या खुर्चीत होते, आणि समोर सगळं जंगल म्हणजे मुरलेली गर्दी होती. गर्दी टाळ्या वाजवत होती आणि खुर्चीतून 'पुरे' येण्याची वाट बघत होती. महाराज हसून मान हलवत होते. त्यांना काय माहीत. त्यांनी आयुष्यात कधी शूटिंग बघितलं नव्हतं, फक्त स्वतःला बघितलं होतं.

टाळ्या चालू राहिल्या.

थोड्या वेळाने हत्तींचे कान हलून हलून इतका वारा सुटला की मोराचा पिसारा उलटा झाला आणि सगळ्या जंगलाला जे दिसायला नको ते दिसलं. माकडांचे तळवे सुजले. सापांना हात नाहीत, ते शेपट्या आपटत होते. सुतारपक्षी चोचीने टाळी देत होता, व्यासपीठाचा एक खांब त्याने निम्मा केला. महाराजांचं दुपारचं जेवण, एक गुबगुबीत रानडुक्कर, चौथ्या रांगेत उभं राहून मनापासून टाळ्या वाजवत होतं. महाराजांना भूक लागली होती, पण जे आपल्याला टाळ्या देतंय त्याला सगळ्यांदेखत खायचं कसं? हे काम एरवी ते सगळे टीव्ही बघत असताना करायचे.

"बगळ्या," महाराज ओठ न हलवता म्हणाले, "थांबव यांना."

बगळेसाहेब स्वतः पंख आपटत होते, तेही गर्दीतूनच वर आलेले. ते म्हणाले, "महाराज, माझ्या हातात नाही. आपण 'पुरे' म्हणायचं. एवढंच आहे."

"एवढंच ना?"

महाराजांनी आयाळ सारखी केली, माइक जवळ घेतला, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "अजून."

टाळ्या दुपटीने वाढल्या. दोन ससे आडवे झाले.

"अजून नाही महाराज, पुरे."

"तेच म्हणतोय." महाराजांनी पुन्हा तोंड उघडलं. "अजून."

महाराजांच्या जिभेला तो शब्द ठाऊकच नव्हता. बछडे होते तेव्हापासून पुढ्यात आलं ते त्यांनी खाल्लं होतं आणि अजून मागितलं होतं. बगळेसाहेबांनी अक्षर फोडून सांगितलं, पु, रे. महाराजांनी 'पु'पर्यंत मजल मारली, आणि पुढे बाहेर आलं ते 'अजून'च.

जंगलाला वाटलं, दिग्दर्शक कडक आहे.

बगळेसाहेब धडपडत तानूबाईकडे आले. तानूबाई आपल्या जागी बसून होती. ती काही वाजवत नव्हती. रागाच्या भरात तिची सवय सुटली होती.

"बाई, तुम्ही म्हणा. तुमचा आवाज ओळखतात सगळे."

"शब्द खुर्चीतून यावा लागतो. रीत आहे. महाराजांना उठवा, मी बसते."

बगळेसाहेबांचा चेहरा त्यांच्या पिसांहून पांढरा झाला. "महाराज खुर्चीवरून उठणार नाहीत. या विषयावर मंत्रिमंडळात चर्चासुद्धा करायची नसते."

"मग वाजवत बसा."

तेवढ्यात तो अर्धवट खांब पडला आणि दोन उपमंत्री त्याखाली टाळ्या वाजवत राहिले. बगळेसाहेब खाली वाकले. तानूबाईने त्यांना दोन्ही डोळे उघडे ठेवून बोलताना पहिल्यांदा बघितलं.

"बाई, डबिंग करा. तुम्ही खुर्चीच्या मागे बसा. तोंड महाराजांचं, आवाज तुमचा. सगळे सिनेमे असेच होतात की."

तानूबाईने विचार केला. मग म्हणाली, "आधी 'डोह' लावायचा. या पडद्यावर, आत्ता. शेवटपर्यंत. शेवटची फ्रेम संपली की मी पुरे म्हणते."

"शक्य नाही."

"ठीक आहे. हत्ती दमले की पुढे बोलू. हत्ती लवकर दमत नाहीत म्हणे."

बगळेसाहेबांनी महाराजांकडे पाहिलं. महाराज रानडुकराकडे बघत होते आणि त्यांच्या जबड्यातून लाळ झुपक्यावर गळत होती. सोनेरी रंग उतरायला लागला होता. बगळेसाहेबांनी मान हलवली. नागांना निरोप गेला, नामाजी घोरपड वडाच्या ढोलीतून डबा पोटाशी धरून आला आणि त्याने प्रोजेक्टर चालू केला.

तानूबाई खुर्चीच्या मागे दबून बसली. जागा अपुरी होती. महाराजांची पाठ कापडातून तिच्या नाकाला लागत होती, आणि महाराजांची पाठ जवळून काही सुंदर नव्हती.

पडद्यावर डोह आला. कोरडा, भेगाळलेला. मग नक्राजींचा चर. मग चिखल चाटणाऱ्या जिभा. राईभर टाळ्या कडाडत होत्या. पडद्यावर एक पाडस बसलं आणि उठलं नाही, टाळ्या वाजतच होत्या. तानूबाईने इतके दिवस ज्याची वाट बघितली ते घडत होतं, सगळं जंगल 'डोह' बघत होतं, आणि ते टाळ्या वाजवत होतं. सिनेमातला एक आवाज कुणाला ऐकू जात नव्हता. नक्राजी मगर स्वतःला पडद्यावर बघून खूश झाले होते आणि तेही शेपूट आपटत होते.

तानूबाई स्वतःला सांगत होती, थोडं थांब. शेवटपर्यंत ठरलंय. आता म्हटलंस तर ते प्रोजेक्टर बंद करतील, मग कुणालाच काही दिसणार नाही.

मग पडद्यावर गंगाक्काचा नातू आला. आणि खुर्चीच्या पायांमधून तानूबाईला मागच्या रांगेतली गंगाक्का दिसली. म्हातारी पडद्याकडे बघत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती पुढचे दोन्ही खूर एकमेकांवर आपटत होती. खुरांतून रक्त येत होतं. तिला थांबायचं होतं. तिला कुणी थांब म्हटलेलं नव्हतं.

तानूबाईचा ठराव बिराव सगळा उडाला. अंगावरचा प्रत्येक काटा ताठ उभा राहिला आणि खुर्चीच्या जुन्या कापडातून आरपार गेला. महाराजांचा जबडा वेदनेने उघडला, आवाज घशातच राहिला, आणि त्याच क्षणी खुर्चीमागून शब्द आला.

"पुरे."

इतकं चोख डबिंग त्या जंगलात आधी कधी झालं नव्हतं.

टाळ्या थांबल्या. राईत एवढी शांतता पसरली की सिनेमातला चिखल वाळताना तडकल्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला. मग गंगाक्काचा हंबरडा आला, पडद्यावरचा. प्रोजेक्टर बंद करायला कुणी हललं नाही, कारण बगळेसाहेबांनाही पुढे काय करायचं ते कुणी सांगितलेलं नव्हतं. सिनेमा शेवटपर्यंत चालला. हत्तींनी कान पाडले. माकडं सुजलेले तळवे काखेत धरून बसली. नक्राजींच्या आसपासच्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या झाल्या. रानडुक्कर पहिल्यांदाच महाराजांकडे नीट निरखून बघायला लागलं.

नामाजीने प्रोजेक्टरजवळून तानूबाईला हाताने खूण केली. बघतायत, बाई. बघतायत.

शेवटची फ्रेम गेली. पडदा पांढरा झाला. आता काय होतं म्हणून सगळ्या जंगलाने व्यासपीठाकडे पाहिलं. तानूबाईला वाटलं, झालं. आता कुणीतरी उठणार. एक उठला की सगळे उठतील.

आणि सगळ्या जंगलाला दिसलं की महाराज रडत आहेत.

खरोखरच रडत होते. पाठीत मूठभर काटे रुतलेले असताना कुणीही रडेल. हलता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पुढच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, महाराज रडले. ते मागच्या रांगेत गेलं. महाराज रडले. हत्तीण हुंदका देऊन म्हणाली, एवढा मोठा सिंह, पण काळीज बघा.

बगळेसाहेबांचे डोळे मिटले. ते एका पायावर आले. सगळं पुन्हा जाग्यावर बसत होतं. त्यांनी माइक घेतला.

"बंधूंनो आणि भगिनींनो, आपण आत्ता पाहिलेला सिनेमा कुणाचा? पुरे कोण म्हणालं? जो पुरे म्हणतो त्याचा शॉट, जंगलाची रीत आहे. नक्राजींसारख्यांच्या विरोधात आवाज उठवायची हिंमत, या जंगलात, फक्त एकाने केली."

नक्राजींनी जबडा उघडला, मग बगळेसाहेबांनी केलेली खूण त्यांच्या ध्यानात आली आणि तो मिटून त्यांनी मान खाली घातली. पश्चात्ताप त्यांना छान जमला. तेही गर्दीतूनच वर आलेले.

"तो आवाज माझा होता," तानूबाई खुर्चीमागून बाहेर येत म्हणाली.

"बाईंनी नेहमीप्रमाणे साहाय्य केलं," बगळेसाहेब म्हणाले. "साहाय्यकांसाठी जोरदार..." आणि तिथे ते सावधपणे थांबले. टाळ्यांचा विषय त्या दिवशी पुन्हा काढायचा नव्हता.

नामाजी तिला म्हणाला, "बाई, सिनेमाच्या पाटीवर नाव तुमचंच आहे."

"पाटी कोण वाचतं? सगळे रडणाऱ्याकडे बघतायत."

राई रिकामी होताना गंगाक्का लंगडत तिच्याजवळ आली. खुरांना कुणीतरी पाला बांधला होता.

"बाई, सगळ्यांनी बघितलं."

"बघितलं, गंगाक्का."

"राजेसुद्धा रडले म्हणे."

तानूबाई तिच्या खुरांवरचा पाला घट्ट करू लागली.  म्हातारीने अगदी साधेपणाने विचारलं, "मग आता पाणी कधी सोडतील?"

तानूबाईला राग यायला हवा होता. आला नाही. हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं, आणि त्याची तिला फार भीती वाटली.

'डोह' आता जंगलात रोज दाखवतात. शाळांना तो सक्तीचा आहे. सुरुवातीला महाराजांचा रडणारा चेहरा येतो, शेवटीही येतो, आणि मध्ये वेळ उरलाच तर डोह येतो. महाराज काटे काढून झाल्यावर उगवतीचा दौरा करून आले, चिखलाला हात लावून आले. 'सायंगर्जना'त त्यांनी भरल्या आवाजात जंगलाला विचारलं की इतका अन्याय होत असताना सरकार झोपलं होतं काय. सगळ्या जंगलाला ते पटलं. त्यांनी लगेच चौकशी समिती नेमली. पाण्याचा अनुभव असलेला माणूस हवा म्हणून अध्यक्षपद नक्राजींकडे गेलं.

समितीचं काम जोरात चालू आहे. डोह कोरडा पडला हे तिने मान्य केलं आहे. फक्त त्या काळात जंगलावर राज्य कुणाचं होतं, त्याचा तपास अजून लागलेला नाही.